तुझ्या बोडीतला मिटलेला शिंपला

मारोती,

दुकानाच्या कोपऱ्यात, जळलेल्या मोटरींच्या शेजारी, एक बादली ठेवली आहे. तिच्यात तुझ्या बोडीतला, त्या नदीकाठच्या तळ्यातला, एक शिंपला आहे. येणारं गिऱ्हाईक डोकावून जातं आणि विचारतं, "काय गा मिस्त्री, मोटरी सोडून मासोळ्या पाळून राह्यला का?" मी त्याची मोटर उतरवून घेतो. ब्रह्मपुरीच्या या उन्हात दुपारी दुकानाकडे काळं कुत्रंही फिरकत नाही, म्हणून तेवढ्या वेळात तुझ्याशी बोलून घेतो.

तुझा दहावा झाला. लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. कोणाच्या वाटेला न जाणारा होता, सरळ होता, देवमाणूस होता. ऐकून ऐकून माझे कान किटले. तू हट्टी होतास, घुम्या होतास, आणि समोरचा काही सांगायला लागला की अशी मान डोलवायचास की त्याला वाटावं, पटलं याला. मग घरी जाऊन बरोबर उलटं करायचास. पालथ्या घड्यावर पाणी. हे तिथे कोणी बोललं नाही, मीही नाही.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तो दिवस आठवतो का? सायकलच्या कॅरिअरला जळलेली मोटर बांधलेली आणि हँडलला ओलं पोतं. पोत्यातून माझ्या झाडलेल्या फरशीवर गाळाचं पाणी ठिबकायला लागलं. मी कावलो. म्हटलं, यात काय आहे? तू तोंडावरची माशीही न हलवता म्हणालास, "मोती."

मी म्हटलं, आजचा दिवसच खराब दिसतो. तू पोतं उघडून दाखवलंस. तळहाताएवढे काळे शिंपले, शेवाळ लागलेले, आपल्या वैनगंगेच्या गाळात पोरंसोरं पायाने चाचपून काढतात तसलेच. "हे तं नदीत ढिगानं पडले आहेत बे," मी म्हटलं. तू म्हणालास, "पडले आहेत ना. पण अंदर मणी कोण टाकून राह्यला? मी टाकून राह्यलो." मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली निर्वासितांच्या गावात तू मासोळीचं बियाणं आणायला गेला होतास. तिथल्या एका म्हाताऱ्याच्या तळ्यात हे काम पाहिलंस आणि बियाणं बाजूला ठेवून तिथेच मुक्काम ठोकलास. घरी सांगितलंही नाहीस. वहिनी तोवर सगळ्या नातेवाइकांकडे विचारत फिरत होत्या.

मोटरचं वाइंडिंग करून दिलं आणि ती बसवायला तुझ्यासोबत गावी आलो. तुझी बोडी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. धानाच्या बांध्यांना पाणी द्यायला आपल्याकडे लोक वरच्या अंगाला छोटं तळं राखतात, तशीच बोडी, फक्त तुझी नदीला अगदी लागून. मध्ये एक मातीची पाळ आणि पलीकडे वैनगंगा. पाण्यात बांबू रोवलेले, बांबूंना दोऱ्या आणि दोऱ्यांना पाण्याखाली लटकवलेल्या नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या. वरती रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. तू कमरेएवढ्या पाण्यात उतरून एक पिशवी वर ओढलीस आणि त्यातला एक शिंपला असा हातात धरलास की मला वाटलं, आता हा त्याला दूध पाजतो.

मग सगळं काम दाखवलंस. शिंपल्याची कड चिमट्याने इवलीशी उघडायची, नखाएवढी. आतल्या मऊ पदराखाली मणी सरकवायचा. औषधाच्या पाण्यात ठेवायचं आणि मग बोडीत टांगायचं. शिंपल्याला तो मणी खुपतो, म्हणून तो त्याच्यावर पुटं चढवत बसतो. दीड-एक वर्ष. "अन घाई केली तं?" मी विचारलं. "घाई केली तं मणी तुहा अन मरण त्याचं," तू म्हणालास.

माझ्याही हातात एक दिलास. मी मोटरचं झाकण काढल्यासारखा उघडला आणि कडकन आवाज आला. तू माझ्या हातातून तो काढून घेतलास, एक शब्द बोलला नाहीस. पुढे सहा महिने मात्र गावातल्या प्रत्येकाला सांगत होतास की मिस्त्रीनं शिंपल्याचं कव्हर खोललं.

जिवंत-मेला कसा ओळखायचा तेही तेव्हाच शिकलो. पाण्याबाहेर काढला की जिवंत शिंपला तोंड घट्ट मिटून घेतो. मेलेला मिटू शकत नाही, तो उघडा पडतो. दर आठवड्याला पिशव्या ओढायच्या आणि उघडे पडलेले काढून टाकायचे, कारण एक सडला की सोबतच्या सगळ्यांना घेऊन जातो. "अन एक फसवा असते," तू म्हणाला होतास. "मेल्यावर त्याच्यात गाळ भरते, गच्च. तो मिटलेलाच दिसते अन हाताले जडबी लागते. मंग त्याले बादलीत ठेवाचं, निवळ पाण्यात. जिता असन तं सारं शांत झालं का थोडकं तोंड उघडून पाणी पिते. नाई उघडलं तं समजाचं, गाळ आहे."

म्हणून ही बादली.

तुझे मोती काही फार धड निघाले नाहीत, हेही बोलून घेतो, नाहीतर तुला वाटेल मेल्यावर मी गोड बोलायला लागलो. एक चपटा, एक वाकडा, एकाला शेपूट. माझ्या बायकोला दिलास तो तर हरभऱ्याच्या घाट्यासारखा दिसतो. ती तो कुंकवाच्या करंड्यात ठेवते. मी म्हणायचो, नाकापेक्षा मोती जड झाला तुझा, घर सोडून दिवसभर त्या डबक्यात उभा असतोस. तू म्हणायचास, "एक गोल निंगू दे. एकच. मंग सोडतो." मोत्याचं पुढे काय करणार ते तू कधी बोलला नाहीस. तुला फक्त एक गोल हवा होता, तुझ्या हातचा.

आणि आपलं भांडण. ते सुरू झालं तुझा बाप गेला तेव्हा.

तुमच्या घरची रीत आहे, घरात माणूस गेलं की दहाव्यापर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. जाळं टाकायचं नाही, डोंगा सोडायचा नाही, बोडीत उतरायचं नाही. मला ठाऊक नव्हतं. मी भेटायला आलो तर तू पाळीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होतास आणि खाली पाण्यात तुझ्या पिशव्या सडत होत्या. वास यायला लागला होता. मी म्हटलं, अबे उतर ना, तुझा बाप काय वरून पाहून राह्यला? तू मान डोलवलीस आणि बसून राहिलास. ती सगळी खेप गेली. मी तुला गावासमोर मूर्ख म्हटलं.

तू आठवडाभराने दुकानात येऊन, बाकावर बसून, चहा पिऊन झाल्यावर उत्तर दिलंस. "मिस्त्री, माणूस जाते तं कायतरी थांबलं पायजे ना बे. तुह्यी ब्रह्मपुरी थांबते का? यष्टी थांबते का? बजार थांबते का? काईच नाई थांबत. आमी ढिवर लोक. आमच्याजवळ थांबवाले पाणीच आहे."

मी म्हटलं, त्या मुक्या जिवांचं काय? त्यांचा कोण मेला होता? तू म्हणालास, "ते बराबर आहे." मी म्हटलं, मग? तू म्हणालास, "मंग काई नाई." आणि चहाचा कप धुऊन ठेवून निघून गेलास. एवढं बोलून पाच वर्षं तो वाद तसाच पडला. मी दर भेटीत उकरून काढायचो आणि तू दर वेळी "ते बराबर आहे" म्हणायचास. माझं बराबर होतं तर मग ऐकत का नव्हतास, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझी आई गेली तेव्हा अकराव्या दिवशी तूच डोंगा घेऊन आलास. मला पोहता येत नाही हे तुला माहीत होतं. नदीच्या मधोमध, पाणी ओढतं तिथे, मी राख सोडायला वाकलो तर तू मागून माझ्या सदऱ्याची कॉलर मुठीत धरून ठेवली होतीस, लहान पोराची धरावी तशी. परत काठाला येईपर्यंत सोडली नाहीस. त्यावर आपण कधी बोललो नाही. आभार मानायची आपल्यात पद्धत नव्हती, आणि तेव्हा मानले असते तर तू मला पाण्यात ढकललं असतंस. आता मानतो. काय उपयोग आहे पण मानतो.

त्याच सुमाराला तुझी आणखी एक खेप मेली होती. "औषध चुकलं," तू म्हणालास. मी काय सोडतो तुला? एवढा शिकून आला आणि औषध चुकलं, असं म्हणून चार लोकांत तुझी खेचली. तू हसत होतास. ती गोष्ट मी विसरूनही गेलो होतो.

या दिवाळीपासून तू अंगाने उतरायला लागलास. पट्ट्याला नवं भोक पाडून मागायला माझ्याकडे आलास, आणि मी दाभणाने ते पाडून दिलं. तेव्हा विचारलं, काय होऊन राह्यलं बे तुला? "पित्त." थंडीत पुन्हा आलास, पुन्हा भोक. "पित्तच आहे." तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास, वहिनींनाही कळू दिलं नाहीस. त्याच थंडीत तू नवी खेप भरलीस, एकट्याने, रोज थोडी थोडी. मला बोडीवर बोलावून दाखवलीस. तुझा हात मी एवढा स्थिर कधी पाहिला नव्हता. "या बारीले गोल निंगतीन पाय," तू म्हणालास. दीड वर्ष लागतं हे तुला माहीत होतं आणि तुला दीड वर्ष नाही हेही, मला आता वाटतं, माहीत होतं.

नागपूरला नेलं तेव्हा पोटातली गाठ फार पुढे गेली होती. तू दवाखान्यात असताना पिशव्या मी पाहत होतो. दर आठवड्याला दुकान बंद करून यायचो, पँट दुमडून उतरायचो. तुझा भाऊ सोमाभाऊ पाळीवर उभा राहून हसायचा की मिस्त्रीले जळू लागली, मिस्त्रीले जळू लागली. मग नागपूरला येऊन तुला हालहवाल द्यायचो. शेवटच्या भेटीत तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं, झोपला. तू तसाच म्हणालास, "पाहून राह्यला ना?"

"पाहून राह्यलो. सगळे मिटलेले आहेत."

"एकबी उघडा नाई?"

"एकही नाही."

"मंग चांगलं," म्हणालास, आणि माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवलीस.

मारोती, तेव्हा एवढं बोललास तर आणखी एक वाक्य बोलायचं होतंस. मी गेल्यावर पिशव्या काढ, किंवा मी गेल्यावर रीत पाळ. काहीही एक. तुला ठाऊक होतं की तुझ्या दहा दिवसांत हा प्रश्न माझ्यासमोर येणार आहे आणि मी त्याच्यासमोर बैलासारखा उभा राहणार आहे. मी विचारू शकलो नाही. मरणाऱ्या माणसाला तुझ्या मरणानंतर काय करू, असं कसं विचारतात ते मला येत नाही. पण तुला सांगता आलं असतं. त्याचा मला राग आहे आणि तो जात नाही.

तू गेलास तो नेमका वैशाखात. बोडी अर्ध्यावर आलेली, पाणी कोमट. मी तिसऱ्या दिवशी आलो. वहिनी ओसरीत बसल्या होत्या. मी म्हटलं, वहिनी, पिशव्या पाहायची वेळ झाली. मला काही सुतक नाही, मी तुमच्या घरचा नाही. मी उतरतो.

त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "तुमाले नाई भाऊ. पण पाण्याले सुतक आहे."

मी चपला घातल्या. परत फिरलो. पाळीवरून जाताना पाहिलं, एका पिशवीच्या वर बारीक बुडबुडे येत होते.

दोन दिवस दुकानात बसून मी स्वतःशीच भांडलो. कधी तुझ्या बाजूने, कधी माझ्या. मग एक युक्ती सुचली, अगदी मिस्त्रीची युक्ती. पाण्याला हात लावायचा नाही ना? मग लावत नाही. मोटर चालवतो. नदीचं ताजं पाणी बोडीत पडलं तर पाणी थोडं गार होईल, तेवढाच जिवांना श्वास. मोटर मी बसवलेली, वाइंडिंग माझं. लोखंडाला कसलं सुतक? वहिनींना सांगितलं तर त्या उठल्या. आत गेल्या आणि स्टार्टरच्या पेटीची किल्ली आणून माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. हातात दिली नाही.

मोटर चालू केली. पाणी धो धो बोडीत पडायला लागलं. मी पाळीवर पळसाखाली बसलो आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं, तू गेल्यापासून पहिल्यांदा. उन्हं उतरली तसा सोमाभाऊ आला. मला वाटलं, हा आता मला शिव्या घालणार. तो माझ्या शेजारी बसला. मोटरचा आवाज चालू होता म्हणून मोठ्यानं बोलत होता.

"मिस्त्री, तुमची माय गेली तवा मारोतीची एक खेप मेली होती. आठवते काय?"

"औषध चुकलं होतं," मी म्हटलं.

"कायचं औषध? दहा दिवस हा पाण्यात उतरला नाई. मी म्हटलं, काऊन बे, आपल्या घरी कोण मेलं? तं म्हणे मिस्त्रीची माय गेली. मी म्हटलं, मिस्त्री आपल्या जातीचा नाई, गोताचा नाई. तं म्हणे, त्याच्याजवळ थांबवाले काईच नाई, दुकान तं त्यानं तिसऱ्या दिवशीच खोललं. म्हणून मी थांबून राह्यलो."

दुकान मी तिसऱ्या दिवशी उघडलं होतं. धानाचे दिवस होते, लोकांच्या मोटरी पडल्या होत्या.

"तुमाले सांगू नोको म्हणे," सोमाभाऊ म्हणाला, "मले पुन्हा मूर्ख म्हणन."

मी उठलो आणि स्टार्टरचं लाल बटण दाबलं. मोटर बंद पडली. एकदम एवढी शांतता झाली की पलीकडे नदीवर टिटवी ओरडली ती कानाशी ओरडल्यासारखी वाटली. किल्ली वहिनींच्या उंबऱ्यावर ठेवली आणि आलो.

त्यानंतर मी बोडीकडे गेलो नाही. तू माझ्या आईसाठी एक अख्खी खेप मारलीस आणि वरून माझी थट्टा ऐकून घेतलीस. त्याच्यापुढे मी कोणत्या तोंडाने पाण्यात उतरणार होतो? पण मग मोटर तरी कशाला चालवली? आणि चालवली तर बंद कशाला केली? ना धड तुझं ऐकलं, ना धड माझं. तेलही गेलं, तूपही गेलं. रात्रंदिवस माझ्या डोळ्यांसमोर एकच होतं, पाण्याखाली एकेक शिंपला उघडतोय.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरतो न सरतो तोच कावळा आला. वाटही पाहायला लावली नाही. लोक खूश झाले. "काईच इच्छा नोहोती माणसाची," सगळे म्हणायला लागले, "सुटला." मला त्या कावळ्याला दगड मारावासा वाटला. काही इच्छा नव्हती? एक गोल मोती हवा होता त्याला. हाकेच्या अंतरावर त्याच्या पिशव्या लटकून आहेत आणि कावळ्या, तू येऊन खुशाल भात खातोस? आणि मारोती, तुला तरी बरं वाटलं का रे, एवढ्या लवकर सुटून जायला?

मग सोमाभाऊने पाणी मोकळं केलं. तुमच्याकडचं हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्याने कमरेएवढ्या नदीत उभं राहून जाळं एकदा फेकलं, ओढलं आणि आलेल्या सगळ्या मासोळ्या परत नदीत सोडल्या. एकही ठेवली नाही. मग वळून म्हणाला, "झालं. पाणी मोकळं झालं." बायका रडायला लागल्या. वहिनी रडल्या नाहीत. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, चला. एखांदा तरी असन."

आम्ही दोघंच गेलो. पाळीच्या अलीकडूनच वास आला. मी उतरलो, वहिनीही लुगडं खोचून उतरल्या. पहिली पिशवी ओढली. सगळे उघडे. आतला जीव विरघळून गेलेला, नुसती टरफलं. दुसरी, तिसरी, तशीच. चौथी वर आली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ह्या कोपऱ्यात पाणी खोल आहे, इथी असतीन." तिथेही नव्हते. त्या प्रत्येक पिशवीच्या आधी काहीतरी म्हणायच्या, या बांबूजवळ सावली राहते, ही पिशवी त्यानं मागून टांगली होती, आणि मी मान डोलवायचो, तुझ्यासारखी. शेवटी त्या बोलायच्या थांबल्या.

टरफलांतले मणी आम्ही काठावर वेचून काढले. बरेच तळात गळून गेले होते. उरले त्यांच्यावर अगदी पातळ थर आलेला होता आणि तो उन्हात चमकत होता. त्यातला एक, मारोती, गोल होता. वाकडा नाही, शेपूट नाही, खरंच गोल. वहिनींनी तो अंगठ्याने हलकेच पुसला, तर पेजेवरची साय निघावी तसा थर निघून आला आणि खाली पांढरा मणी राहिला. त्यांनी तो लगेच मुठीत झाकला. मी पाहिलं नाही असं दाखवलं. तुला सांगावं की सांगू नये हे मला ठरवता येत नव्हतं, पण तुझा हात बरोबर बसला होता. आणखी एक वर्ष मिळालं असतं तर निघाला असता.

सगळ्यात शेवटच्या पिशवीच्या तळाशी एक शिंपला मिटलेला होता. मी वर उचलला, हाताला जड लागला.  तो फसवा असू शकतो, हे वहिनींनाही माहीत आहे, तुझ्या घरात इतकी वर्षं त्यांचीही याच पाण्यात गेली. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला नाही. "तुमी न्या," म्हणाल्या. "माह्यानं पाहणं होत नाई." मी डब्यात नदीचं पाणी घेतलं आणि तुझा शेवटचा शिंपला मोटरसायकलवर मांडीत धरून ब्रह्मपुरीला आणला. खड्डा आला की जीव वर यायचा.

तेव्हापासून तो बादलीत आहे. पाणी बदलतो, नदीचंच आणतो. सकाळी शटर उघडलं की आधी बादलीत पाहतो आणि मग पूजेची उदबत्ती लावतो. बायकोला वाटतं, मला ऊन लागलं. तिने एकदाच विचारलं, "उघडून काऊन नाई पाहत?" मी म्हटलं, घाई केली तर मरण त्याचं. ती करंड्यातला तुझा घाट्यासारखा मोती काढून पाहत बसली.

हे तुझ्याशी बोलतानाही मी सारखा उठून पाहून आलो. पाणी निवळ आहे, बादलीचा तळ दिसतो. दुकानात सगळं शांत आहे, लाइट गेलेली आहे, पंखासुद्धा नाही. शिंपला तसाच आहे. मला माहीत आहे, मारोती. मला पहिल्याच दिवशी माहीत झालं होतं. पण माहीत असूनही माणूस वाट पाहतो, नागपूरला आपण दोघंही तेच करत होतो.

आत्ता पेचकस घेतला. नखाएवढंच उघडायचं, हे आता माझ्या बोटांना येतं. तू असतास तर या वेळी तुला नाव ठेवायला जागा नव्हती. तेवढंच उघडलं.

आत गाळ होता. काळा, थंड, गच्च बसलेला. मी मोटर चालवली तेव्हा बोडीच्या तळातून उठला असेल, तोच. त्याच्यात बोट फिरवून पाहिलं. मणीही हाताला लागला नाही.

माणूस जातो तर काहीतरी थांबलं पाहिजे, असं तू म्हणायचास. थांबलं. तुझी बोडी थांबली आणि पाणी मोकळं झाल्यावरही ती पुन्हा चालू झाली नाही. वहिनी आता तिकडे जात नाहीत. मोटर सोमाभाऊ काढून नेणार आहे, धानाला लावायला. तुझं म्हणणं खरं होतं असं मी म्हणायला तयार आहे, पण ते मला तुझ्या तोंडावर म्हणायचं आहे, तू या बाकावर बसलेला असताना. तू त्यावर "ते बराबर आहे" म्हणशील आणि कप धुऊन ठेवशील. तसं होणार नाही, म्हणून मी अजून हरलेलो नाही आणि आता कधी हरणारही नाही.

गाळ धुऊन काढला. शिंपला पुसून परत मिटवून पाहिला, तर आता तो मिटत नाही. दोन्ही बाजूंनी दाबून धरला की मिटतो आणि बोटं सैल केली की उघडतो. दुपार अजून बरीच बाकी आहे. गिऱ्हाईक येईपर्यंत मी तो धरून बसतो.